दोरीबाईच्या घराची किल्ली

हवालदारबाईंना खालच्या गल्लीत सगळे दोरीबाई म्हणत, पण तोंडावर नाही. तोंडावर 'बाई', फार तर 'मॅडम', आणि बाई कोपऱ्यावरून वळल्या की 'गेली एकदाची दोरीबाई'. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. पोलिसात केस पिकल्यावरही आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात ते कळत नसेल, तर त्या माणसाने नोकरी सोडून घरी बसावं, असं त्यांचं मत होतं. नावाचा त्यांना राग नव्हता. वाईट एवढंच वाटे, की नाव बरोबर होतं.

झालं होतं ते असं. खालची गल्ली म्हणजे नदीकडे उतरत गेलेल्या घरांच्या दोन रांगा. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की काही वर्षांआड नदी या गल्लीत शिरायची. मागच्या पुरात बाईंनीच दारोदार फिरून लोकांना बाहेर काढलं होतं. "दोन दिवसांचा प्रश्न आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी निघा. परत आणून सोडायची जबाबदारी माझी," असं त्या प्रत्येक उंबऱ्यावर म्हणाल्या होत्या. लोक निघाले. जे निघेनात त्यांना बाईंनी बखोटीला धरून काढलं. तसा अधिकार त्यांना होता, आणि अधिकार आहे म्हटल्यावर तो वापरायला फार विचार लागत नाही.

पाणी खरंच दोन दिवसांत ओसरलं. पण वरून हुकूम आला, की इंजिनिअर तपासून जाईपर्यंत घरं धोक्याची, कोणालाही आत सोडू नये. गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांना जाड दोरी बांधायची होती. ती बाईंनीच बांधली आणि पहाऱ्यालाही बाईच उभ्या राहिल्या. इंजिनिअरसाहेबांना यायला अख्खा हंगाम लागला. तोवर लोक येत, विनवण्या करत, भांडत, शिव्या देत. कोणाची औषधं आत होती, कोणाच्या पोराची पुस्तकं. बाईंचं उत्तर ठरलेलं, "हुकूम आहे."

गल्लीच्या खालच्या टोकाला टेलरमास्तरांचं घर होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. मास्तर रोज यायचे. भांडायचे नाहीत. हातात तेलाची छोटी कुपी असायची. "बाई, मशीन चिखलात आहे. नुसतं तेल घालून येतो. तुम्हीही चला बरोबर, माझ्यावर नजर ठेवा." बाई म्हणायच्या, "मास्तर, एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल." दोरी सुटली तेव्हा मशीन म्हणजे गंजाचा गोळा झालं होतं. बापाच्या हातचं मशीन होतं ते.

आता गंमत अशी, की बाईंचे युनिफॉर्म पहिल्यापासून मास्तरच शिवायचे. पुढेही शिवत राहिले, नव्या मशीनवर. पण पूर्वी माप घेताना हा माणूस जगाच्या उठाठेवी सांगायचा, बाईंचं वजन वाढलं की त्यांना चिडवायचा. आता टेप लावून नुसते आकडे बोलायचा. बाईंना ते फार लागलं. शिव्या देणाऱ्यांचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण मास्तरांचे ते आकडे त्यांच्या जिव्हारी लागले.

मग पुन्हा पूर आला. सकाळीच धरणावरून निरोप आला, की दुपारनंतर पाणी गल्लीत येईल. वरच्या चौकात गाडी लावून नवे साहेब वायरलेस घेऊन बसले. साहेब तरुण होते, हुशार होते आणि खालची गल्ली त्यांनी फक्त नकाशात पाहिली होती. सूचना सोपी होती. घर बघायचं, माणसं बाहेर काढायची, रिकाम्या घराच्या दारावर खडूने फुली मारायची. दाराला कुलूप असेल तर घर रिकामं धरायचं आणि पुढे जायचं. बाईंच्या हातात खडू दिला आणि सोबतीला अग्निशमन दलाचा एक धिप्पाड जवान. त्याच्या खांद्यावर पहार होती.

बाई कंबर कसून गेल्या होत्या. आता प्रत्येक दारात तमाशा होणार, जुनं सगळं निघणार, अशी त्यांची खात्री होती. पण गल्ली शांत होती. बायका, पोरं, बोचकी केव्हाच वरच्या शाळेत पोहोचली होती. दारोदार कुलपं होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. "शहाणे झाले लोक," त्या जवानाला म्हणाल्या आणि भराभर फुल्या मारत उतारावरून निघाल्या.

मास्तरांच्या दारालाही कुलूप होतं. नदी त्यांच्या शेवटच्या पायरीला लागली होती. बाईंनी फुली मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. बंद घरातून शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता.

जवान बाईंकडे बघायला लागला. बाई कुलपाकडे. मशीन चांगलं रंगात आलं होतं, लांब सरळ टीप पडत होती.

"मास्तर," बाईंनी हाक मारली.

मशीन थांबलं.

"मास्तर, थांबवलंत तेही ऐकू आलं मला."

मग आतून गंभीर आवाज आला, "घरात कोणी नाही. कुलूप दिसत नाही का?"

जवान फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या. गजांच्या आड एक झडप लोटलेली होती, ती त्यांनी ढकलली. आत मास्तर मशीनवर बसले होते, गळ्यात टेप, मांडीवर कोणाची तरी अर्धवट पँट. माणूस घाबरला की कोणी विडी ओढतो, कोणी फेऱ्या मारतो. मास्तर शिवायला बसत.

"हे कोणी केलं? बाहेरून कुलूप?"

"बायकोने. मीच सांगितलं. किल्ली घेऊन ती शाळेत गेली."

"अहो, पण का?"

"पोलीस कुलूप बघून पुढे जातात म्हणून. गेलात की नाही सगळीकडे?"

बाईंनी मागे वळून गल्लीकडे पाहिलं. वरपर्यंत दोन्ही बाजूंनी त्यांच्याच हातच्या पांढऱ्या फुल्या होत्या. त्या घाबरल्या. "मास्तर, आणखी किती घरांत माणसं आहेत?"

"मला काय माहीत? मी घरातच नाही."

बाईंनी वायरलेसवर साहेबांना सांगितलं. साहेबांचं उत्तर लगेच आलं. "कुलूप तोडा, माणूस उचला, गाडीत घाला. अधिकार आहे आपल्याला. पाणी वाढतंय, बाई."

जवानाने पहार कोयंड्यात सरकवलीसुद्धा. बाईंनी त्याचा हात धरला.

"का हो? साहेब म्हणाले ना?"

"हा एक सापडला, तो मशीनमुळे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीचे आत कान देऊन बसलेत. याला ओरडत, ओढत नेला, तर ते श्वास रोखून बसतील. मग कुठलं कुलूप भरलेलं आणि कुठलं रिकामं, ते कसं ओळखायचं? सगळी दारं फोडायला पाणी थांबणार आहे का?"

जवानाने पहार काढून घेतली. बाई पुन्हा गजांशी गेल्या.

"मास्तर, पाणी चढलं की या कुलपामुळे तुम्हालाच बाहेर पडता येणार नाही."

"माळ्यावर जाईन."

"मागच्या वेळी माळ्यावर गुडघाभर चिखल होता."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी बघितला. तुम्हाला बघू दिला नव्हता, मी जाऊन आले होते."

मास्तर पँट बाजूला ठेवून उठले आणि खिडकीशी आले. "हे बघा बाई, पाण्याला मी भीत नाही असं नाही. पण पाणी दोन दिवसांत गेलं होतं. दोरी गेली नव्हती. घर माझं, जीव माझा. मी आत असलो तर मला कोणी 'आत येऊ नका' म्हणू शकत नाही. एवढाच हिशेब आहे."

"यावेळी तसं होणार नाही. मी शब्द देते."

मास्तर हसले. ते हसणं वाईट नव्हतं, पण बाईंनी मान खाली घातली. तुमचा शब्द आमच्याकडे एक आहे आधीचा, असं ते म्हणाले असते तरी चाललं असतं.

पाणी आणखी एक पायरी चढलं. बाईंकडे देण्यासारखं काय होतं? शब्द खोटा ठरला होता. हुकूम साहेबांचा होता. युनिफॉर्म सरकारचा, खडू सरकारचा. त्यांनी खिशातून किल्ल्यांची जुडी काढली. तिच्यात चौकीतल्या कपाटाची किल्ली होती आणि त्यांच्या क्वार्टरची. क्वार्टर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. नवरा गेल्यापासून आणि मुलगी सासरी गेल्यापासून बाई तिथे एकट्याच राहात. त्यांनी क्वार्टरची किल्ली सोडवली आणि गजांतून आत धरली.

"ही माझ्या घराची. ठेवा तुमच्याकडे. तुम्ही तुमच्या घरात पाय ठेवाल त्या दिवशी मला परत द्या. तोवर मीही माझ्या घरात जाणार नाही."

हे त्या मुद्दाम मोठ्याने बोलल्या. भोंग्याशिवायही बाईंचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जाई, त्याबद्दल त्यांची ख्यातीच होती.

मास्तरांनी किल्ली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "दुसरी असेल."

"होती. हरवली. नवी करायची राहून गेली ती राहूनच गेली."

"आणि कपडे? कपडे कुठले घालणार?"

हा प्रश्न फक्त एक टेलरच विचारू शकतो. बाई म्हणाल्या, "तुम्ही शिवलेत तेच. अंगावर आहेत ते."

मास्तरांनी किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली, वरून बटण लावलं. "तोडा कुलूप," ते जवानाला म्हणाले. "पण मशीनचं हेड, हा वरचा भाग, घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

कुलूप तुटलं. हेड बाईंनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. लोखंड ते, त्याचा एक कोपरा रुतला आणि शर्टाची खांद्यावरची शिवण टरकन उसवली. त्या तशाच चढावर निघाल्या. चार घरं गेल्यावर उजव्या हाताच्या एका कुलूपबंद दारामागून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "अगं ए बाई, आमचंही फोड गं!" मग समोरून पुरुषाचा. मग वरून कोणीतरी आतून दारावर थापा मारू लागलं. जवानाची पहार थांबली नाही. कुठे म्हातारा निघाला, कुठे गडी, एका घरातून तर तावातावाने भांडत असलेले दोघे भाऊ निघाले. आत राहायचं कोणी यावरून त्यांचं भांडण होतं, आणि शेवटी दोघेही राहिले होते.

"आम्हाला कोणाची किल्ली?" त्यांतल्या धाकट्याने विचारलं.

"घर एकच आहे मला. किल्ली मास्तरांकडे आहे. सगळे मिळून सांभाळा," बाई म्हणाल्या. शेवटचं माणूस वरच्या चौकात आलं तेव्हा मास्तरांच्या खिडकीपर्यंत नदी आली होती.

पाणी आलं तसं गेलं. आणि हुकूम आला. इंजिनिअर तपासून जाईपर्यंत कोणाला सोडू नये. दोरी तीच होती, चौकीच्या माळ्यावरून काढलेली. बांधायला बाई, उभं राहायला बाई.

मास्तर दुसऱ्याच दिवशी आले. "काय बाई?"

"आज नाही, मास्तर."

"बरं," म्हणाले आणि गेले. रोज हेच. ते खिशावर हात ठेवून किल्ली आहे ना ते चाचपायचे आणि बाई ते बघायच्या.

बाई चौकीतल्या बाकावर झोपायला लागल्या. युनिफॉर्म धुऊन वाळेपर्यंत एका शिपाईबाईचा ढगळ झगा घालून कागदपत्रांच्या खोलीत बसायच्या. उसवलेला खांदा टाचणीने टाचलेला असायचा. चौकीत थट्टेला ऊत आला. कोणी म्हणालं, बाईंना बेघर म्हणून शाळेत घ्या. साहेबांनी एक दिवस बोलावून घेतलं.

"बाई, तुम्हाला क्वार्टर आहे ना?"

"आहे, साहेब. किल्ली नाही."

"मग कुलूप तोडून घ्या. जवान देतो."

"आत राहणाऱ्याची संमती नाही, साहेब."

"कोण राहतं आत?"

"मीच."

साहेबांनी डोक्याला हात लावला. ते वाईट नव्हते. त्यांनी इंजिनिअरच्या कचेरीत फोनही केला. तिथून कळलं की काम मोठं आहे, नंबर लागेल तेव्हा येतील. साहेब म्हणाले, "बघा, माझ्या हातात काही नाही." बाईंना ते वाक्य ओळखीचं वाटलं. मागच्या पुरानंतर सगळा हंगाम त्याही असंच सांगत होत्या.

असेच दिवस गेले. एका सकाळी मास्तर आले ते एकटे नव्हते, मागे गल्लीतली बरीच मंडळी होती. बाईंना वाटलं, आता आली वेळ. पण कोणी ओरडलं नाही. मास्तरांनी बाईंच्या खांद्याकडे पाहिलं.

"हे काय, टाचणी? माझ्या शिलाईला टाचणी? इकडे या."

कॉलरमागे ते नेहमी सुई-दोरा खोचून ठेवत. बाई दोरीच्या आत, मास्तर बाहेर, आणि मधल्या दोरीवरून हात पुढे करून मास्तरांनी भर रस्त्यात ड्युटीवरच्या हवालदाराचा खांदा शिवला. शिवताना पुष्कळ वर्षांनी बोलले, "वजन उतरलंय. चौकीतलं खाणं मानवत नाही वाटतं." दोरा दातांनी तोडला आणि खिशाचं बटण काढून किल्ली पुढे केली.

"घ्या. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. जा घरी, आंघोळ करा."

"तुम्ही अजून घरात पाय ठेवलेला नाही."

"नाही ठेवला. पण दोरी काही तुमची नाही, एवढं कळतं आम्हाला. तुम्ही राहिलात बाहेर, पुरे झालं."

बाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, तोंडही फिरवलं नाही. शिव्या त्यांना पचल्या होत्या, थट्टा पचली होती. ही माफी काही पचेना. त्यांनी किल्ली घेतली, खिशात टाकली आणि खांबाकडे वळल्या.

"माझीच आहे, मास्तर. मी बांधली होती."

पावसापाण्याने गाठ दगडासारखी झाली होती. मास्तर म्हणाले, "कात्री देऊ?" बाई म्हणाल्या, "नको, सोडवते." नखं तुटली, पण गाठ सुटली. दोरीची गुंडाळी करून त्यांनी ती खांबाशी ठेवली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या. प्रत्येक भिंत त्या आधी स्वतः बघत, मग माणसाला आत सोडत. एका घराची बाजू कलंडलेली होती, तिथल्या दोघा भावांना त्यांनी जाऊ दिलं नाही. ते भांडले, पण बाई तिथून हलल्या नाहीत. इंजिनिअर जे करणार होता त्यातलं थोडंसं त्यांनी केलं. बरोबर केलं की नाही, त्या शपथेवर सांगू शकल्या नसत्या. मास्तरांच्या घरात खिडकीपर्यंत चिखल होता. मास्तर उंबऱ्यात थांबले, बाईंकडे पाहिलं आणि मग पाय आत टाकला.

चौकशी झाली. हुकूम असताना दोरी कोणाला विचारून सोडली, असं विचारलं गेलं. बाई म्हणाल्या, "ज्यांची घरं होती त्यांना." हे उत्तर कागदावर चांगलं दिसलं नाही. बढती गेली आणि बाईंची बदली कंट्रोल रूममध्ये झाली. तिथे ना गल्ली, ना दार, ना माणूस. कानाला हेडफोन, समोर वायरलेस, आणि दिवसभर इकडचा निरोप तिकडे. युनिफॉर्म मात्र मास्तरांकडचेच. मापाला गेल्या की मास्तर आता पुन्हा जगाच्या उठाठेवी सांगत आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नसत.

काही वर्षांनी पुन्हा धरणाचे दरवाजे उघडले. त्या दिवशी सकाळपासून बाई वायरलेसवर होत्या. दुपारकडे खालच्या गल्लीतून आवाज आला. नवा शिपाई होता, नोकरीला नुकताच लागलेला. आवाजात रडकुंडीला आल्याची सगळी चिन्हं होती.

"कंट्रोल, खालची गल्ली बोलतोय. मॅडम, इथे विचित्रच चाललंय. ओव्हर."

"कुलपं आहेत का दारांना? ओव्हर."

"नाही मॅडम. दारं उघडी आहेत. सगळे बोचकी घेऊन दारात उभेत, निघायला तयार आहेत. पण निघत नाहीत. एक म्हातारे टेलर आहेत, ते हात पुढे करून उभे आहेत. म्हणतात, आधी तुझ्या घराची किल्ली दे. मी साहेबांना विचारलं, साहेब म्हणतात चेष्टा करतायत, उचला सगळ्यांना. पाणी पायरीला लागलंय. काय करू, मॅडम? ओव्हर."

कंट्रोल रूममधले बाकीचे लोक बाईंकडे बघत होते. बाईंनी माइकचं बटण दाबलं.

"देऊन टाक," त्या म्हणाल्या. "आणि दुसरी असेल तर तीही दे. ओव्हर."